चिडखोर आंतडें

डोकें दुखलें तर माणूस चारचौघांत सांगतो, दाढ दुखली तर गालावर हात ठेवून सांगतो. पण रोज सकाळीं पोटांत मुरडा येतो आणि तीन-तीन वेळां परसाकडे जावें लागतें, ही गोष्ट मात्र तो सख्ख्या भावालाहि सांगत नाहीं. नांदेड-लातूरकडील खेड्यांतल्या कित्येक स्त्रिया ती डॉक्टरलाहि सांगत नाहींत. 'पोटांत जरा गोळा येतो' एवढ्यावर त्यांचें बोलणें संपतें, आणि डॉक्टरनें पुढचा प्रश्न विचारला कीं त्या बरोबर आलेल्या सासूकडे पाहूं लागतात. या संकोचाच्या आड जीं दुखणीं वर्षानुवर्षें दडून राहतात, त्यांपैकीं एक म्हणजे इंग्रजींत ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात तें. मराठींत त्याला चिडखोर आंतडें म्हणावें. नांव थोडें गमतीचें वाटेल. दुखणें गमतीचें नाहीं.

त्याचें लक्षण असें. पोट वारंवार दुखतें, आणि त्या दुखण्याचा शौचाशीं कांहीं तरी संबंध असतो. शौचास जाऊन आल्यावर तें थांबतें किंवा उलट वाढतें. शौचाच्या वेळा कमीअधिक होतात. मळ कधीं पाण्यासारखा, तर कधीं लेंड्यांसारखा कठीण होतो. जगांतील तज्ज्ञांनीं २०१६ सालीं ठरविलेल्या, 'रोम' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निकषांप्रमाणें असा त्रास गेल्या तीन महिन्यांत आठवड्यांतून सरासरी एक दिवस तरी झालेला असावा लागतो, आणि त्याचा आरंभ निदान सहा महिन्यांपूर्वीं झालेला असावा लागतो. कोणाला जुलाबाचाच त्रास, कोणाला बद्धकोष्ठाचा, तर कोणाला दोहोंचा आळीपाळीनें. पोट फुगणें आणि 'अजून साफ झालें नाहीं' ही हुरहुर बहुतेकांच्या वांट्याला येते. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत समाजांतील शेंकडा चार लोकांना हा विकार आढळला. याच हिशेबानें पांचशें प्रौढ माणसांच्या एखाद्या खेड्यांत असे वीस रोगी निघावयाचे.

या विसांचें पुढें काय होतें? त्यांतला एकादा प्रथम जवळच्या औषधाच्या दुकानांत जातो. शौचांतून चिकट पदार्थ पडला कीं 'आंव झाली' म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच. दूषित पाण्यानें होणारी खरी आंव, म्हणजे अमीबाचा आमांश, हीहि या भागांत होते. त्यामुळें कोणाला संशय येत नाहीं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पांच-सात दिवस घेतल्या जातात. या विकाराचा स्वभावच चढउताराचा. तो आपोआप थोडा ओसरतो, आणि श्रेय गोळ्यांना मिळतें. दोन महिन्यांनीं पुन्हां तोच पाढा. मग कोणी सांगतें, बेंबी सरकली आहे. ती चोळून जाग्यावर बसविणारा शोधला जातो. कोणी सोनामुखीचें चूर्ण रोज रात्रीं घ्यावयास लावतो. अखेर शहरांत जाऊन रक्त, मळ, सोनोग्राफी, दुर्बीण अशा साऱ्या तपासण्या होतात, आणि सगळे कागद निर्दोष निघतात.

कागद निर्दोष निघाल्यावर खरें म्हणजे आनंद व्हावा. पण रोगी तेथेंच खचतो. दुखतें तर आहे, मग सांपडत कसें नाहीं? घरचीं माणसें म्हणतात, कांहीं झालेलें नाहीं, सारे मनाचे खेळ. रोगी मनांत म्हणतो, कॅन्सरच असला पाहिजे, डॉक्टरला दिसला नाहीं इतकेंच. हे दोन्ही तर्क चुकीचे आहेत. आणि आंतड्याच्या चिडखोरपणानें होत नसेल इतकी हानि या दोन तर्कांनीं होते. पहिल्यानें रोग्याची लाज वाढते, दुसऱ्यानें त्याची झोप जाते, आणि लाज व जागरण या दोहोंनीं पोट आणखी बिघडतें.

वस्तुतः या विकारांत आंतड्याला जखम नसते, गांठ नसते, दुर्बिणींतून दिसेल अशी सूजहि नसते. बिघडलेलें असतें तें त्याचें वर्तन. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतींत मज्जापेशींचें एक स्वतंत्र जाळें पसरलेलें आहे. या पेशींची संख्या कोट्यवधि आहे. हें जाळें बरेंचसें काम मेंदूला न विचारतां करतें, पण मेंदूशीं त्याचें दुहेरी तारायंत्र अखंड चालू असतें. चिडखोर आंतड्यांत एक तर स्नायूंच्या आकुंचनाची लय बिघडते, आणि दुसरें म्हणजे ही तार वाजवीपेक्षां अधिक तीव्र होते. इंग्लंडांतील रिची या संशोधकानें १९७३ सालीं याची परीक्षा पाहिली. मोठ्या आंतड्याच्या खालच्या भागांत लहानसा फुगा सोडून त्यानें तो हवेनें फुगविला. जेवढ्या फुगवट्यानें निरोगी माणसांपैकीं अगदीं थोड्यांनाच दुखलें, तेवढ्यानेंच या विकाराच्या अर्ध्याहून अधिक रोग्यांना वेदना झाल्या. म्हणजे 'मला गॅस फार होतो' असें म्हणणाऱ्याच्या पोटांत शेजाऱ्यापेक्षां अधिक वारा असतोच असें नाहीं. तेवढाच वारा त्याला अधिक जाणवतो.

मनाचा भाग यांत किती, हेंहि एका प्रयोगानें दिसलें आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें डॉ. थॉमस आल्मी व त्यांचे सहकारी १९४० नंतरच्या दशकांत आंतड्यावर ताणाचा परिणाम काय होतो, तें पाहत होते. वैद्यकाच्या एका निरोगी विद्यार्थ्यानें तपासणीसाठीं आपण होऊन अंग पुढें केलें. आंत नळी घालून पाहत असतांना डॉक्टरांनीं त्याला ऐकूं जाईल असें आपसांत बोलण्यास आरंभ केला, कीं येथें तर कॅन्सर दिसतो. तत्क्षणीं आंतड्याची भिंत लालबुंद होऊन आवळली. ही केवळ बतावणी होती असें त्याला सांगतांच ती पुन्हां सैल पडली. आजच्या वैद्यकीय नीतिनियमांत असा प्रयोग कोणी करूं देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यावरून एक गोष्ट उघड झाली. भीति मनांत उपजली खरी, पण आवळलें तें खरोखरीचें आंतडें, आणि तें पाहणाऱ्यांना डोळ्यांनीं दिसलें. रोग्याला 'मनाचे खेळ' म्हणून हिणविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

तो विद्यार्थी न्यूयॉर्कचा होता. परीक्षेच्या भीतीनें पोट आवळलेले विद्यार्थी पाहावयाचे तर लातूरला जावें. बारावीच्या व वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांच्या तयारीसाठीं 'लातूर पॅटर्न' म्हणून जी शिकवणी प्रसिद्ध झाली, तिच्यासाठीं नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव अशा सगळीकडच्या खेड्यांतून दरवर्षीं हजारों मुलेंमुली या शहरांत येऊन राहतात. सोळा-सतरा वर्षांचें वय. सोयाबीनच्या पैशांतून बापानें खोलीचें भाडें भरलेलें. त्या पैशाची किंमत मुलाला पुरती ठाऊक. मेसचें जेवण मिळेल त्या वेळीं, रात्रीं एक वाजेपर्यंत वाचन, झोप येऊं नये म्हणून चहावर चहा, आणि पहाटे उठून वर्ग. दहा जणांत एक संडास. बाहेर रांग, दारावर थाप. अशा मुलाचें आंतडें मुळांत हळवें असेल तर तें बंड करणारच. मग तो एक उपाय आपल्याच डोक्यानें काढतो: सकाळीं कांहीं खावयाचेंच नाहीं, म्हणजे परीक्षेच्या मध्येंच उठावें लागणार नाहीं. उपाशी पोटीं सराव-परीक्षा देतो, दुपारीं भुकेच्या तावांत दुप्पट जेवतो, आणि संध्याकाळीं पोट धरून बसतो. घरीं कळवीत नाहीं. कारण कळविलें तर वडील परत बोलावतील, अशी धास्ती. मुलाचे गुण उतरले कीं घरचे अभ्यासाची चौकशी करतात. पोटाची चौकशी करावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

अर्थात् भीति हें एकच कारण नव्हे. कित्येकांचें दुखणें एखाद्या जबर जुलाबाच्या आजारानंतर सुरू होतें. जंतु निघून जातात, आंतड्याचा हळवेपणा मागें राहतो. कॅनडांतील वॉकर्टन या गांवीं मे २००० मध्यें पिण्याचें पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. दोनतीन वर्षांनीं तपासणी केली तेव्हां, आजारी न पडलेल्यांत दहांपैकीं सुमारें एकाला चिडखोर आंतड्याचीं लक्षणें होतीं, तर जुलाबानें आजारी पडलेल्यांत दर तीन-चारांत एकाला. मराठवाड्याला पाण्याची ही बाजू नवीन नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावें लागलें, तेव्हां घरोघर पिंपें, हंडे, टाक्या कित्येक दिवसांच्या सांठ्यानें भरून ठेवलेल्या असत. टंचाईच्या दिवसांत हात धुण्याचें पाणी आधीं वांचविलें जातें. पिण्याचें पाणी उकळून घेणें आणि सांठ्यांत हात न बुडवितां ओगराळ्यानें काढणें हाहि म्हणूनच या विकाराचा प्रतिबंध आहे.

आतां ताटाकडे वळावें, कारण रोग्याचा पहिला प्रश्न 'काय खाऊं?' हाच असतो. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ पासून या बाबतींत पुष्कळ काम केलें आहे. अन्नांतील कांहीं विशिष्ट शर्करा लहान आंतड्यांत नीट शोषल्या जात नाहींत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आंतड्यांत गेल्यावर आंबतात आणि वारा धरतात. त्या सर्वांना मिळून 'फॉडमॅप' असें आद्याक्षरांचें नांव दिलेलें आहे. निरोग्याला त्यांचा त्रास नाहीं; हळव्या आंतड्याला होतो. गहूं, कांदा, लसूण, हरभरा, राजमा, दूध, आणि फळांत आंबा, सफरचंद, कलिंगड हीं यांत प्रमुख.

ही यादी ऐकून मराठवाड्यांतील गृहिणीच्या छातींत धडकी भरेल. कांदा-लसणाशिवाय येसराची आमटी करावयाची कशी? पण येथें दोन सुदैवाच्या गोष्टी आहेत. पहिली, या भागाचें मूळ अन्न गहूं नव्हे, ज्वारी. गव्हांत असलेली ती त्रासदायक शर्करा ज्वारींत कमी असते. ज्या घरांनीं प्रतिष्ठा म्हणून भाकरी सोडून तिन्हीत्रिकाळ पोळी धरली, त्यांच्यांतील रोग्यानें चार आठवडे पुन्हां भाकरीवर राहून पाहावें. पुष्कळांना तेवढ्यानेंच फरक जाणवतो. दुसरी, लसणांतील ही शर्करा पाण्यांत विरघळते, तेलांत नाहीं. तेव्हां तेलांत लसणाच्या पाकळ्या तळून काढून टाकाव्या आणि त्या तेलाची फोडणी द्यावी. स्वाद येतो, त्रास येत नाहीं. कांद्याऐवजीं कांद्याच्या पातीचा हिरवा भाग वापरावा. डाळ व कडधान्यें भिजत घालून वरचें पाणी टाकून शिजवावीं आणि बेतानें वाढावीं. तिखटाचें मात्र ज्यानें त्यानें पाहावें. ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाहीं हें खरें; पण मिरचीनें पोटांत आग होते असें ज्याच्या नित्य अनुभवास येतें, त्यानें शेंगदाण्याच्या सौम्य चटणीशीं मैत्री करावी.

दुधानें त्रास होणाऱ्यांना ताक बहुधा सोसतें, कारण विरजण्यांत दुधांतील शर्करा थोडी खर्चीं पडते. आयुर्वेदांत 'ग्रहणी' या नांवानें जो विकार वर्णिलेला आहे, त्याचीं कांहीं लक्षणें या दुखण्याशीं जुळतात. दोन्ही एकच असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्यावर जुन्या वैद्यांनीं ताकाचा आग्रह धरलेला आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

येथें एक इशारा द्यावयास हवा. हें पथ्य जन्माचें नव्हे. चार ते सहा आठवडे हे पदार्थ वर्ज्य करावयाचे, आणि मग एकेक करून, दोनतीन दिवसांच्या अंतरानें, थोडथोडें परत आणावयाचें; जो सोसेल तो ठेवावयाचा, जो बाधेल तो मर्यादेंत ठेवावयाचा. बहुतेकांना यादींतील एकदोनच पदार्थ बाधतात. परंतु पथ्याची चिठ्ठी घेऊन गेलेला रोगी पुष्कळदां परत येतच नाहीं, आणि वर्षभर भात व ताक यांवर राहून हाडाचा सांपळा होतो. त्यांत घरांतील सून असली म्हणजे तिच्या उपासाचें कोणास सोयरसुतकहि नसतें. लातूरकडे मार्गशीर्षांत वेळ अमावस्येला सारें घर शेतांत जेवावयास जातें. वाटाणा, तूर, हरभरा यांचे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजविलेली भज्जी, आणि बरोबर आंबील, हा त्या दिवसाचा थाट. भज्जी म्हणजे या विकाराच्या दृष्टीनें साक्षात् संकट. तरीहि रोग्यानें घरीं बसूं नये. भज्जी चवीपुरती घ्यावी, भाकरी, भात व बिनलसणाची आंबील यांवर जेवण करावें, आणि सर्वांबरोबर झाडाखालीं बसावें. पंक्तींतून उठलेला माणूस हळूहळू माणसांतूनहि उठतो.

'चोथा खा' असा सरसकट उपदेश होतो, तोहि तपासून घ्यावा. हॉलंडमध्यें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कांहीं रोग्यांना इसबगोल, तर कांहींना गव्हाचा कोंडा देऊन पाहिला. इसबगोलानें लाभ झाला; कोंड्यानें तसा झाला नाहीं, उलट कित्येकांनीं त्रास वाढल्यामुळें तो सोडला. इसबगोल आपल्या शेजारच्या गुजरातेंतलें पीक. स्वस्त, आणि कोठल्याहि दुकानांत मिळणारें. तें अर्ध्या-एका चमच्यापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावें आणि आठवड्याआठवड्यानें वाढवावें. पहिल्याच दिवशीं चार चमचे घेतल्यास पोट ढोलासारखें फुगेल, आणि दोष इसबगोलावर येईल.

आहाराइतकाच वेळेचा प्रश्न आहे. सकाळीं कांहीं पोटांत गेलें कीं मोठें आंतडें आपोआप हालूं लागतें, हा निसर्गक्रम आहे. त्या वेळीं घाई नसावी, आणि आलेला वेग दाबूं नये. जेथें घरांत संडास नाहीं, अथवा आहे पण पाणी नाहीं, तेथें स्त्रियांना अंधाराची वाट पाहत वेग दाबावा लागतो. ही संवय शरीराला लागली कीं बद्धकोष्ठ ठरलेलें. प्रवासाचेंहि तसेंच. नांदेडहून लातूरला निघालेल्या एस. टी.त दाराजवळची जागा धरून बसलेला, लोहा गेलें, आतां अहमदपूर किती वेळांत, मग चाकूर, अशी मनांत थांब्यांची मोजणी करणारा एखादा प्रवासी असतो. त्याला खिडकींतली शेतें दिसत नाहींत. अशा माणसाला प्रवासाआधीं दोन तास हलकें खाऊन, शौच उरकून, डॉक्टरच्या सल्ल्यानें एखादी गोळी खिशांत ठेवून निघतां येतें. गोळी पुष्कळदां घ्यावीहि लागत नाहीं. ती खिशांत आहे एवढ्यानेंच आंतडें निवांत राहतें. रोजचें अर्ध्या तासाचें चालणें, पोटानें घेतलेला संथ श्वास आणि पुरेशी झोप यांनीं हीच तार सैल होते. मँचेस्टर येथील डॉ. व्होरवेल यांनीं तर १९८४ सालीं संमोहनाच्या उपचारानें जुनाट रोग्यांना आराम पडतो, असें दाखवून दिलें.

औषधांत मुरडा थांबविणारीं, जुलाब आंवरणारीं, मळ सैल करणारीं अशीं निरनिराळीं औषधें आहेत. कोणतें कोणाला, तें डॉक्टरनें ठरवावयाचें. एका औषधाविषयीं मात्र गैरसमज फार आहे. अमिट्रिप्टिलिन हें मूळचें उदासीनतेवरचें औषध. अल्प मात्रेंत तें आंतड्याची वेदना कमी करतें. इंग्लंडांत ४६३ रोग्यांवर झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत त्याचा गुण सिद्ध झाला. पण पाकिटावरचें वाचून कोणी तरी सांगतो, हें वेड्याचें औषध आहे, आणि रोगी तें तिसऱ्या दिवशीं बंद करतो. डॉक्टरनें तें देतांना दोन मिनिटें बसून कारण सांगितलें, तर ही वेळ येणार नाहीं.

कांहीं खुणा मात्र अशा आहेत कीं त्या दिसल्यास हें सारें बाजूस ठेवून ताबडतोब तपासणी करून घ्यावी. मळावाटे रक्त जाणें, कारणावांचून वजन उतरणें, ताप, रक्तक्षय, रात्रीं गाढ झोपेंतून उठविणारे जुलाब, पोटांत गांठ लागणें, पन्नाशीच्या सुमारास प्रथमच असा त्रास सुरू होणें, किंवा घराण्यांत मोठ्या आंतड्याचा कॅन्सर झालेला असणें, या त्या खुणा. आपल्या देशांत आंतड्याचा क्षयहि होतो, आणि तो आरंभीं याच वेषांत येतो. अशा रोग्यानें चूर्णांत महिने घालवूं नयेत. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत, तेथें जावें.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं दोन आठवडे एका वहींत तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: काय व केव्हां खाल्लें, पोट केव्हां दुखलें, आणि शौच कसें झालें. शेवटची गोष्ट शब्दांत मांडण्याची लाज वाटते, त्यावरहि उपाय निघालेला आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें १९९७ सालीं मळाच्या सात प्रकारांचा एक चित्रतक्ता प्रसिद्ध झाला. पहिला प्रकार कठीण लेंड्यांचा, सातवा निव्वळ पाण्याचा. डॉक्टरनें हा तक्ता टेबलावर ठेवावा. सासू शेजारीं बसलेली असली तरी सुनेला त्यांतल्या एका चित्रावर बोट ठेवतां येतें.